तारेचं नाणं

नवं धातुशोधक यंत्र घेतलं की पहिले काही आठवडे ते घराबाहेर काढू नये, हे मला जुन्या यंत्रानं शिकवलं. म्हणून शारजातल्या आमच्या घरामागच्या वाळूत मीच एकेक वस्तू पुरली आणि प्रत्येकीच्या डोक्यावर क्रमांकाची खुंटी रोवली. सहाव्या जॉर्जचा १९४१ सालचा रुपया, मधोमध भोक असलेला पैसा, शीतपेयाच्या डब्याची चावी, एक गंजका खिळा. आणि शेवटच्या खुंटीखाली एक लारी.

लारी म्हटलं की आपल्याला मालट्रक आठवतो. ही लारी म्हणजे नाणं आहे, पण गोल नाही. साधारण वीतभराहून कमी चांदीची तार मधोमध दुमडून तिचे दोन्ही पाय एकमेकांना चिकटवलेले आणि वर ठसा मारलेला. केसातला आकडा असतो तसा आकार. वजन पाच ग्रॅमच्या आत. सोळाव्या-सतराव्या शतकातली अस्सल लारी भारताबाहेर आणता येत नाही, कायदा तसा आहे आणि तो मला मान्य आहे. म्हणून सुट्टीत गावी गेलो तेव्हा दापोलीच्या एका सोनाराकडून त्याच वजनाची तार ओढून, दुमडून, ठोकून आणली.

रुपयावरून यंत्र फिरवलं तसा कानात खणखणीत, उंच सूर आला. भोकाचा पैसाही स्वच्छ बोलला. लारीवर मात्र कुजबुज. पडद्यावर आकडा आला तो डब्याच्या चावीच्याही खालचा, चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या शेजारचा. शुद्ध चांदी, आणि यंत्र म्हणतंय कचरा! यंत्र नव्वद अंश वळवून आडवं फिरवलं तर सूर थोडा बदलला, पुन्हा विरला.

मग मी उरलेल्या तारेची अंगठीएवढी कडी केली. टोकं उघडी ठेवली तेव्हा यंत्र जेमतेम हुंकारलं. तीच कडी सोनाराकडच्यासारखा डाग देऊन जोडली आणि पुन्हा त्याच खड्ड्यात ठेवली, तर कान दचकले. तीच चांदी, तेवढंच वजन. कारण सरळ आहे. यंत्राच्या थाळीतून बदलतं चुंबकी क्षेत्र जमिनीत उतरतं, त्यानं धातूत वीज गोल गोल फिरू लागते आणि त्या भोवऱ्याचा प्रतिध्वनी आपण ऐकतो. चकतीत भोवऱ्याला फिरायला अंगण मिळतं, बंद कडीत प्रदक्षिणेचा मार्ग मिळतो. उघड्या टोकांच्या बारीक तारेत भोवऱ्याला जागाच नसते.

यंत्राची स्वतःची कुळकथा सर्वांना ठाऊक आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला ग्रॅहम बेल यांनी असं उपकरण नेलं आणि ते अपयशी ठरलं. १९३०च्या दशकात गेरहार्ड फिशर यांनी ते बाजारात आणलं. पुढे पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी सुरुंग शोधण्यासाठी त्याला हातात धरता येईलसं रूप दिलं, ते १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात कामी आलं. सुरुंग चपटा, गोल. नाणंही चपटं, गोल. या यंत्राच्या डोक्यात पैसा म्हणजे चकती, हे पहिल्यापासून पक्कं बसलेलं आहे. आणि मी ज्या किनाऱ्यावर ते शिकतोय, तिथे एकेकाळी पैसा तारेचा होता. तोच तारेचा पैसा माझ्या गावाकडच्या खाडीतही चालत होता. एवढा एक धागा हाती लागला आणि यंत्र बाजूला राहिलं.

या किनाऱ्यावरच्या नाण्यांची ओळख लोक सहसा दोन टोकांनी करून देतात. एक टोक म्हणजे शारजातलं म्लेहा. तिथे २०२१ साली मातीच्या एका मडक्यात ४०९ चांदीची नाणी सापडली. अलेक्झांडरच्या नाण्याची अरबी नक्कल, सोळा-सतरा ग्रॅमची जाडजूड. दुसरं टोक म्हणजे आपला रुपया. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, जून १९६६ मध्ये भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं तसं इथल्या राज्यांनी त्याचा हात सोडला आणि १९७३ मध्ये दिऱ्हम आला. तरी इथली म्हातारी माणसं पैशांना अजून ‘बीझात’ म्हणतात. तो आपलाच पैसा, अरबी अनेकवचन लावलेला. या दोन टोकांच्या मध्ये लारीचा काळ आहे, आणि त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही.

आता नावाचा वाद. मान्य मत असं की लारी ही दक्षिण इराणमधल्या लार शहराची. होर्मुझच्या सामुद्रधुनीपलीकडे, डोंगरांच्या आत हे शहर आहे. तिथली चांदीची तार होर्मुझच्या बंदरातून बाहेर पडली. होर्मुझच्या राजांची सत्ता या बाजूला खोर फक्कान आणि जुल्फारपर्यंत, म्हणजे आजच्या रास अल खैमापर्यंत होती. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी तिला लारिम म्हटलं. १५८३ पासून पाच वर्षं गोव्यात राहिलेल्या डच प्रवासी लिन्सखोटेननं तिच्या चांदीची तारीफ केली आहे.

पण मला दुसरं लार खुणावतं. प्राचीन लाट देश, ज्याला टॉलेमी लारिके म्हणतो, तो दक्षिण गुजरातेत. अरब खलाशी त्याच्या खालचा समुद्रही लारच्याच नावानं ओळखत आणि आपला उत्तर कोकणचा किनारा लार देशातच धरत. अरब प्रवासी अल्-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६-१७ च्या सुमारास, सैमूरला आला. सैमूर म्हणजे आपलं चौल. ते लार देशात आहे असं तो लिहितो आणि सैमूर, सोपारा, ठाणे इथल्या लोकांची भाषा ‘लारी’ असल्याचं सांगतो. चौलच्या माणसाची बोली लारी, चौलपुढचा समुद्र लारी, मग त्या समुद्रावर चालणारं नाणं लारी का नसावं? हे पहिल्यांदा सुचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी मात्र प्रतिपक्षाची बाजू स्वतःच मांडावी लागली. मसूदी आणि लारी नाणं यांच्यात सहा शतकांची दरी आहे. सोळाव्या शतकात कोकणाला लार म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. आणि तारेचं नाणं आधी इराणच्या बाजूला दिसतं, आपल्याकडे नंतर. नाव इराणच्या लारचं, हे मी मान्य करतो. माझा आग्रह एवढाच की खलाशांच्या कानाला ते नाव परकं वाटलं नसणार. जुन्या समुद्राचं नाव अंगावर असलेलं नाणं या किनाऱ्यावर लवकर रुजलं असेल, असं माझं मन सांगतं.

नावापेक्षा आकाराचा प्रश्न मला जास्त छळतो. तारच का? पुष्कळांनी मासे धरायच्या गळाकडे बोट दाखवलं आहे, कारण श्रीलंकेतली लारी खरोखर गळासारखी वाकवलेली असते. पण इराण, होर्मुझ आणि विजापूरच्या लाऱ्या सरळ दुमडलेल्या असतात आणि त्यांतल्या इराण-होर्मुझच्या आधीच्या आहेत. गळ ही सिंहली मंडळींनी नंतर काढलेली तऱ्हा. मूळ आकार गळाचा असता तर आधीच्या लाऱ्या वाकड्या आणि नंतरच्या सरळ मिळाल्या असत्या.

माझं म्हणणं असं की लारी हा सोनाराचा कच्चा माल आहे, ज्याला ठसा मारून पैसा केलं. दापोलीच्या सोनाराला मी तार ओढताना पाहिलं. चांदीची कांडी तापवून, टोक निमुळतं करून तो भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढतो, मोठ्या भोकातून लहानात. चांदीत भेसळ जास्त असेल तर तार कडक होते, मध्येच तुटते. म्हणजे बारीक, लांब, न तडकता दुमडलेली तार हाच शुद्धतेचा पुरावा. गोल चकती पाडायला टांकसाळ लागते, तारेला सोनाराचं दुकान पुरतं. याला भक्कम साक्षीदार आहे इंग्रज खलाशी रॉबर्ट नॉक्स. १६६० पासून सुमारे एकोणीस वर्षं तो श्रीलंकेतल्या कँडीच्या राज्यात कैदेत होता. गळाच्या आकाराचं हे नाणं राजाच्या परवानगीनं कुणीही घडवावं, हवा तो ठसा मारावा, असा तिथला रिवाज त्यानं नोंदवला. शंका आली तर ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायचं, पांढरंशुभ्र निघालं तरच खरं. राजाच्या नावावर नव्हे, धातूवर विश्वास. सिंहलीत तिचं नावच ‘रिदी’, म्हणजे चांदी.

विजापूरकरांनी मात्र नाव घातलं. दुसऱ्या अली आदिलशहाच्या, १६५६ ते १६७२ या काळातल्या लाऱ्या कोकणातल्या आहेत आणि दाभोळच्या नावाशी जोडल्या जातात. नाणेतज्ज्ञ जी. पी. टेलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्यावर लिहिलं. त्या वाचणं फार जिकिरीचं, कारण ठसा रुंद आणि तार अरुंद. एका लारीवर अक्षरांची फक्त एक पट्टी उमटते, वरचा फाटा एकीवर आणि पोटातली रेघ दुसरीवर. पाचपंचवीस शेजारी मांडल्या तर वाक्य जुळतं. दाभोळ तेव्हा विजापूरचं मोठं बंदर होतं. आखाताकडून येणारे घोडे तिथे उतरत, सुती कापड तिथून जाई. खाडीकाठची शाही मशीद याच राजाच्या अमदानीतली. मी लहानपणी तिच्या पायऱ्यांवर बसून समोर अंजनवेलकडे जाणारी होडी बघितली आहे. त्या पायऱ्या नव्या होत्या तेव्हा धक्क्यावर हिशेब लाऱ्यांत चालला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आखाताच्या या बाजूला तारेचा पैसा आणखी चिवट ठरला. इथून पश्चिमेला अल्-हसात तांब्याची आखूड दुमडलेली तार ‘तवीला’ नावानं चालत होती. एकोणिसाव्या शतकात इंग्रज प्रवासी पालग्रेव्हनं ती तिथल्या हुफूफच्या बाजारात पाहिली. तवीला म्हणजे ‘लांब’. जेमतेम इंचभराच्या नाण्याला लांब म्हणायचं कारण एकच, तिचे पूर्वज खरंच लांब होते.

मित्र विचारतात, मग इथे लारी शोधायला जाणार का? नाही. २०१७ च्या पुरातत्त्व कायद्यानुसार परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे आणि काही दिसलं तर अधिकाऱ्यांना कळवायचं असतं. आपल्याकडेही १८७८ चा कायदा दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर कलेक्टरला द्यायला सांगतो. खणून उपटलेली लारी गप्पच राहते. ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती, हेच तिचं बोलणं असतं. मला घरामागची वाळू पुरे.

गेल्या शुक्रवारी तिथे एक नवी खुंटी रोवली. मालदीवमध्ये काम करून आलेल्या शेजाऱ्यानं पन्नास लारींचं नाणं दिलं. तिथे आजही शंभर लारींचा एक रुफिया होतो. आपला रुपया आणि होर्मुझची तार एकाच हिशेबात नांदताहेत. नाणं पितळी, कासवाचं चित्र असलेलं आणि गोल. ते तारेपासून हातभर अंतरावर, तेवढ्याच खोलीवर पुरलं. यंत्र फिरवलं तर ही लारी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे एकसारखी, स्पष्ट बोलली. जुनीवर आलो की पुन्हा कुजबुज. पण आता ती कुजबुज मला ओळखता येते. रुंदी नाही, आडवं वळलं की सरकणारी, चावीपेक्षा जरा मऊ. वहीत तिच्या आकड्यापुढे मी ‘कचरा’ खोडून ‘लारी’ लिहिलं.