भूकंपानंतरची शाळा

लातूर-धाराशिवकडची माणसं आज भोसरीच्या वर्कशॉपांत, चाकणच्या कारखान्यांत जागोजाग भेटतात. किल्लारीच्या भूकंपाचं नाव निघालं की त्यांच्यातले वडीलधारे वेळेसकट सांगतात: ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद झोपेतल्या माणसांवर कोसळलं. ५२ गावं उद्ध्वस्त झाली, आठ हजारांच्या आसपास जीव गेले.

धान्य, कपडे, तंबू आले. पण उघड्यावर पडलेल्या पोराला दहावीपर्यंत कोण नेणार, हा प्रश्न तंबूत सुटणारा नव्हता. शांतिलाल मुथ्था बांधकामाचा व्यवसाय सोडून समाजकार्यात उतरले होते. त्यांनी १९८५मध्ये स्थापलेल्या भारतीय जैन संघटनेनं १२०० भूकंपग्रस्त मुलं पुण्याला शिकायला आणली. वाघोलीचं शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातूनच उभं राहिलं. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलानं मात्र तिकडेच, नळदुर्गला, 'आपलं घर' सुरू केलं. सगळं गमावलेल्या मुलाच्या कानावर निदान स्वतःची बोली पडत राहावी, हे मला फार मोलाचं वाटतं. तरी बाराशे मुलांच्या शिक्षणाचा भार एकदम अंगावर घेणाऱ्यांची छातीही मोठीच म्हणायची.

संकटातल्या मुलांना दूर नेऊन शिकवण्याच्या या रीतीचं मूळ धुंडाळत मी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पोचतो. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुली, विधवा यांना घेऊन आल्या. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे स्वतःचे आई-वडील उपासमारीनं गेले होते, त्यामुळे ही भूक त्यांना कुणी सांगावी लागली नव्हती. केडगावच्या मुक्ती सदनात अन्नाबरोबर अक्षरओळख होती, विणकाम होतं, छापखान्याचं काम होतं. धर्मांतरावरून वादंग झाले, आणि त्यांतले आक्षेप साधे नव्हते. पण संकटातल्या मुलीला जेवणाबरोबर स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं शिक्षण दिलं पाहिजे, हे महाराष्ट्रानं तिथं पाहिलं.

कच्छमध्ये ही रीत उलटी फिरली. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीला निघालेली शाळकरी मुलं अरुंद गल्लीत ढिगाऱ्याखाली गाडली गेली. तेव्हा त्याच भारतीय जैन संघटनेनं मुलांना पुण्याला न आणता गुजरातमध्येच, काही महिन्यांत, ३६८ शाळा बांधून दिल्या. माझ्या मते किल्लारीनंतरची ही सगळ्यात शहाणी सुधारणा. आई-बाप हयात असतील, तर त्यांच्याजवळून मूल हलवायचं कशाला?

ज्यांच्या गावी शाळा नेऊनही भागत नाही, अशांसाठी वाघोली राहिली. तिथल्या वर्गांत पुढं मेळघाटची आदिवासी मुलं आली, आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलंही.