गिअरपेटीचा ताप

शहाणा गाडीवान वाटेत बैल सोडतो तेव्हा आधी चाकाच्या तुंब्यावर हात ठेवून पाहतो. तुंबा कढत लागला तर वंगण आटले आणि आस घासू लागला, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. ओझे, चढण आणि घर्षण ह्या तिघांची मिळून जी उष्णता होते तिची खबर हाताला लागते, आणि खबर लागली की उपायही सुचतो. मोटारीच्या इतिहासात मात्र असा एक काळ येऊन गेला, की ज्या भागात मोठी उष्णता साठत होती त्याच भागाची खबर मिळण्याची चालकाला काही सोय नव्हती. आणि चालकाला काही कळावे न लागणे हाच त्या यंत्राचा गुण म्हणून मिरवला जात होता. हा भाग म्हणजे स्वयंचलित गिअरपेटी. अमेरिकेत ती घरोघर कशी पोचली, मागे ट्रेलर जोडून ती डोंगर चढू लागली तेव्हा तिला ताप कसा आला, आणि तो ताप मोजण्याचा काटा चालकापुढे यावयास इतकी वर्षे का लागली, ह्या इतिहासाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधावयाचे आहे.

ह्या यंत्राचा उगम रस्त्यावर नव्हे, गोदीत झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांवर वाफेची टर्बाइन आली. टर्बाइन फार वेगाने फिरते, तर जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच पाण्यात जोर धरतो. दोहोंमध्ये दात्यांची चाके बसवावीत, तर एवढा भार निर्वेधपणे पेलतील असे अचूक दाते कापण्याची कला त्या वेळी पुरेशी पुढे गेलेली नव्हती. स्टेटिन येथील व्हल्कन गोदीत काम करणारे जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर ह्यांनी १९०५ मध्ये ह्यावर एकस्व घेतले. त्यांची युक्ती अशी, की दोन पात्यांची चाके समोरासमोर, परस्परांना न शिवता, द्रवाने भरलेल्या एकाच कवचात ठेवावीत. एक चाक द्रव फेकते, त्या प्रवाहाच्या धक्क्याने दुसरे फिरते. मध्ये तिसरे, स्थिर पात्यांचे चाक ठेवले, तर प्रवाह वळून वेग कमी होतो व जोर वाढतो. जोर वाढविणाऱ्या ह्या रचनेलाच आज टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर दुसरा त्याच्या वाऱ्याने फिरू लागतो. परंतु पहिल्याच्या बरोबरीने तो कधीच फिरत नाही. दोघांच्या गतीतील हा फरक म्हणजे घसर, आणि ह्या घसरीत जी शक्ती पुढे पोचत नाही ती नाहीशी होत नाही. द्रव घुसळला जाऊन तापतो. आकडे घेऊन पाहू. इंजिन १०० अश्वशक्ती देत आहे आणि कन्व्हर्टरमधून ८० टक्केच पुढे जाते आहे असे धरले, तर २० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १५ किलोवॉट, तेलात उष्णता होऊन उतरते. घरात पाणी तापविण्यासाठी बादलीत सोडतात तशा दीड किलोवॉटच्या दहा विजेच्या सळया दहा-बारा लिटर तेलात एकाच वेळी सोडल्यासारखा हा प्रकार आहे. जहाजाच्या सभोवती समुद्र असतो. मोटारीला आपला समुद्र बरोबर बाळगता येत नाही.

लंडनच्या बसगाड्या थांब्यावरून सुटताना बसणारा हिसका टळावा म्हणून हॅरॉल्ड सिंक्लेअर ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात हीच द्रव-जोडणी रस्त्यावर आणली, आणि १९३० मध्ये इंग्लंडच्या डेमलर कंपनीने ती आपल्या मोटारींत बसविली. पण गिअर निवडणे अजून चालकाकडेच होते. ते काम यंत्राकडे सोपविण्याचा यशस्वी उद्योग जनरल मोटर्समध्ये अर्ल थॉम्पसन ह्यांच्या देखरेखीखाली झाला. हेच ते गृहस्थ, ज्यांच्या सिंक्रोमेश योजनेमुळे १९२८ पासून गिअर बदलताना होणारा दात्यांचा खडखडाट थांबला. त्यांची ‘हायड्रामॅटिक’ गिअरपेटी १९३९ मध्ये जाहीर झाली व १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीवर ५७ डॉलर जादा घेऊन मिळू लागली. क्लचचे पायदान नाही, हाताने गिअर बदलणे नाही. पाऊल दाबावे आणि जावे. युद्धात हीच पेटी अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसली व तेथे टिकली, ह्या गोष्टीचाही पुढे जाहिरातींना मोठा उपयोग झाला.

हायड्रामॅटिकमध्ये वरच्या गिअरमध्ये शक्तीचा मोठा वाटा दात्यांच्या वाटेनेच जाई, त्यामुळे घसर बेताची राही. १९४८ मध्ये ब्यूइकने आणलेल्या ‘डायनाफ्लो’त मात्र नेहमीच्या चालीत जवळजवळ सगळे काम कन्व्हर्टरच्या घसरीवरच चाले. गाडी लोण्यासारखी सुटे, आणि पेट्रोल व तेल दोन्ही तापे. पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्ये ठरावीक वेगानंतर कन्व्हर्टर बांधून टाकणारा, घसर शून्य करणारा क्लच बसवला. तांत्रिक दृष्ट्या तोच बिनचूक मार्ग होता. परंतु पेट्रोल स्वस्त होते, गिऱ्हाइकाला मऊपणा हवा होता, आणि ही युक्ती सर्वत्र प्रचारात येण्यास १९७० नंतरच्या इंधनटंचाईची वाट पाहावी लागली. बाजाराने चांगली कल्पना तीस वर्षे अडगळीत ठेवल्याचे हे उदाहरण काही एकटे नाही.

आता तेलाकडे वळू. ह्या पेटीतील तेल एकाच वेळी चार नोकऱ्या करते. ते शक्ती वाहून नेते, दात्यांना वंगण देते, दाबाने आतील झडपा व क्लच हालविते, आणि उष्णता बाहेर नेते. शिवाय क्लचच्या चकत्या एकमेकींवर न हिसकता व न घसरता बसाव्यात असे नेमके घर्षण तिने राखले पाहिजे. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ नावाने ह्या तेलाची पहिली प्रमाणित जात ठरविली. त्यात घर्षण सांभाळण्यासाठी घातलेला घटक म्हणजे स्पर्म व्हेल ह्या देवमाशाचे तेल. ज्या तेलाने एके काळी घरोघरी दिवे जळत होते, ते रॉकेल आल्यावरही यंत्रांच्या पोटात टिकून राहिले होते, कारण उष्णतेत ते सहजासहजी बिघडत नसे. १९७० मध्ये अमेरिकेने ह्या देवमाशाचे नाव नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले आणि लवकरच त्या तेलाची आयात बंद पडली. मग रसायनशाळांची धावपळ उडाली. ॲरिझोनाच्या वाळवंटात वाढणाऱ्या होहोबा ह्या झुडपाच्या बियांतील तेल रचनेने देवमाशाच्या तेलाशी जुळते असे आढळल्यामुळे त्या काट्याकुट्यांनाही काही काळ भाव आला. कोट्यवधी लोक पाऊल दाबून सुखाने जात होते. त्या सुखासाठी समुद्रात भाला लागत होता, ही गोष्ट त्यांपैकी फारच थोड्यांच्या कानांवर गेली असेल.

तेलाच्या आयुष्याचा एक हिशेब कारागिरांत रूढ होता. १७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ८० अंश सेल्सियस, तापमानाला तेल एक लाख मैल टिकते असे धरावे. त्यापुढे दर २० अंश फॅरनहाइटला आयुष्य निम्मे. ह्या हिशेबाने २३५ अंशांना ते साडेबारा हजार मैलांवर येते. तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग पटीने वाढतो हे स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांटे अर्हेनियस ह्यांनी १८८९ मध्ये मांडले होते. कारागिरांचा कोष्टक त्याच तत्त्वाचा व्यवहारी अवतार होय. तेल जुने झाले की झडपांवर रोगणासारखा थर बसतो, रबरी बंद कडक होऊन गळू लागतात, दाब कमी पडतो, क्लच घसरतात, आणि घसरल्यामुळे आणखी तापतात. एकदा हे चक्र सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही.

सपाट रस्त्यावर रिकामी मोटार चालवणाऱ्यास ह्यातले काही अनुभवास येत नसे. परंतु अमेरिकन माणसाला घर मागे बांधून हिंडण्याचा छंद जुना आहे. फ्लोरिडातील टँपा येथे १९१९ मध्येच अशा फिरस्त्यांचा संघ निघाला होता, आणि महायुद्धानंतर तर ट्रेलरवर निवासाची खोली घेऊन पश्चिमेचे डोंगर ओलांडणे ही मध्यमवर्गाची सुटी झाली. पुढे चालकाची बंद खोली व मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी ह्या कामी सोयीची. फोर्डने १९५३ मध्ये व शेव्हरलेने १९५४ मध्ये आपल्या पिकअपवर स्वयंचलित पेटी देऊ केली. आता दोन-तीन टनांचे ओझे, उन्हाळा, लांब चढण आणि सावकाश वेग असे सगळे एकत्र आले. कन्व्हर्टर सर्वांत अधिक घसरतो तो ह्याच स्थितीत.

तेल थंड करण्याची नेहमीची सोय अशी, की त्याची नळी इंजिनच्या रेडिएटरच्या टाकीतून फिरवून आणावयाची. नेहमीच्या प्रवासाला ही सोय उत्तम. पण ज्या घटकेला तेल अति तापते त्याच घटकेला इंजिनचे पाणीही तापलेले असते, आणि तेल काही त्या पाण्याहून थंड होऊ शकत नाही. एका आजाऱ्याने दुसऱ्या आजाऱ्याची शुश्रूषा करावी तसे ते आहे. म्हणून ट्रेलर ओढणारे लोक पुढच्या जाळीमागे तेलासाठी वेगळा, वाऱ्याने थंड होणारा छोटा रेडिएटर लावून घेऊ लागले.

आणि खबर? इंजिनच्या पाण्याचा तापमापक हॅरिसन बॉइस ह्यांनी १९१२ मध्येच रेडिएटरच्या झाकणावर बसविला होता. चालक काचेतून तो पाहू शकत असे. पुढे तो काटा डॅशबोर्डवर आला, आणि पुष्कळ गाड्यांत त्याच्या जागी केवळ एक दिवा आला, जो आजार असाध्य होण्याच्या बेतात आला की पेटतो. गिअरपेटीच्या वाट्याला बहुतेक गाड्यांत तेवढा दिवाही नव्हता. तेलाची पातळी पाहण्याची सळई उपसावी, मूळचे तांबडे तेल तपकिरी झाले आहे का हे पाहावे, जळका वास येतो का हे हुंगावे, एवढेच निदान. हाताने गिअर बदलणाऱ्यास घाटात क्लच जळू लागल्याचा वास लगेच येतो व तो सावध होतो. बोरघाट किंवा आंबोली चढणाऱ्या जुन्या ट्रकचालकांना हे सांगावयास नको. इकडे वास येतो तोवर पेटी गेलेली असते, आणि खर्च मालकाच्या खिशातून.

म्हणून हौशी चालकांनी बाजारातून तापमापक आणून स्वतःच बसविले. मग नवाच घोळ निघाला. तापमान घ्यावयाचे कोठे? पेटीच्या तळाशी साठलेल्या तेलात सेन्सर ठेवला तर काटा सावकाश चढतो व सरासरी सांगतो. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या नळीत ठेवला तर एखादा तीव्र चढ लागताच तो भराभर वर जातो. एकाच गाडीत दोन ठिकाणी अंशांचा मोठा फरक दिसतो व दोन्ही आकडे खरे असतात. मात्र एका जागेचा आकडा दुसऱ्या जागेच्या कोष्टकाशी ताडून पाहिला, की मनुष्य एक तर उगाच भितो किंवा उगाच निर्धास्त राहतो.

पेटीचा कारभार संगणकाकडे गेल्यावर कारखानदारांनाच आत सेन्सर बसवावा लागला, कारण तेल किती तापले हे संगणकाला कळल्यावाचून चालेना. आकडा अशा रीतीने गाडीत आला, पण चालकाला दिसेना. काही गाड्यांत काटा दिला तोही असा, की मोठ्या पल्ल्यात तो मध्यभागीच स्थिर राही. गिऱ्हाइकाने काळजी करू नये हा हेतू. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत तपासणीसाठी एकसारखी जोडणी सक्तीची झाली. ती मुख्यतः धुराच्या नियंत्रणासाठी होती. परंतु तिला छोटे उपकरण लावून लोक आपल्याच गाडीतला आकडा वाचू लागले. ओझे ओढणाऱ्यांच्या ह्या जिज्ञासेपुढे कारखानदार हळूहळू नमले, आणि आज पिकअपच्या पडद्यावर तेलाचे तापमान अंशांत दाखविणे ही विक्रीची बाब झाली आहे. मात्र आजची कृत्रिम तेले अधिक ताप सोसतात व इंधन वाचावे म्हणून मुद्दाम अधिक गरम ठेवली जातात. जुना १७५ अंशांचा कोष्टक त्यांना जसाच्या तसा लावणे चुकीचे होईल. गाडीच्या पुस्तिकेतील मर्यादा हीच खरी.

गाडी किती ओझे ओढू शकते हे प्रत्येक कारखाना बराच काळ आपापल्या मापाने सांगे, आणि आकडे फुगत चालले होते. अमेरिकेच्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये जे २८०७ ह्या क्रमांकाने एकच कसोटी प्रसिद्ध केली. टोयोटाने ती आपल्या २०११ च्या गाड्यांना प्रथम लावली. अमेरिकन कंपन्या त्यानंतर काही वर्षांनी आल्या. ह्या कसोटीत १२ टक्के चढावर उभी गाडी पाच मिनिटांत पाच वेळा ओझ्यासह सुरू करून दाखवावी लागते, आणि मुख्य परीक्षा ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या चढणीची: ११.४ मैल लांब, १०० अंश फॅरनहाइटहून अधिक ऊन, ठरावीक वेगाच्या खाली यावयाचे नाही, आणि थंड हवेचे यंत्र पूर्ण चालू. कॅलिफोर्नियातल्या तशाच चढणींवर सरकारी पाट्या ते यंत्र बंद ठेवण्याचा सल्ला देतात.

चढण संपवून माथ्यावर पोचलेला अननुभवी चालक दमलेल्या गाडीला विश्रांती म्हणून तत्काळ इंजिन बंद करतो. तेल फिरविणारा पंप इंजिनवरच चालत असल्यामुळे त्या क्षणी कढत तेल जागच्या जागी थांबते. माहीतगार चालक गाडी कडेला घेतो, ब्रेक बांधून गिअर काढून ठेवतो, इंजिन चालूच राहू देतो, आणि काटा खाली येईपर्यंत दरीकडे पाहत उभा राहतो.