हवेत जन्मणारी धूळ

१८७५ हे वर्ष आपल्याकडे दोन कारणांनी लक्षात राहिले आहे. त्या वर्षी न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ झाला आणि त्याच वर्षी हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना झाली. तिसरी एक घटना पॅरिसमध्ये घडली. तिची फारशी कोणी दखल घेतली नाही. पॉल-झाँ कूलिए या औषधशास्त्रज्ञाने काचेच्या चंबूत थोडे पाणी ठेवले, आतील दमट हवा किंचित दाबली आणि एकदम मोकळी केली. चंबूत धुके दाटले. मग हवा कापसातून गाळून आत घेतली आणि तोच प्रयोग पुन्हा केला. आता धुके येईना. पाणी तेच, वाफ तीच. उणे होते ते फक्त डोळ्यांना न दिसणारे कण. १८८० साली स्कॉटलंडच्या जॉन एटकेनने स्वतंत्रपणे हाच शोध लावला आणि त्याचा अर्थ स्पष्ट केला: ज्या बाष्पाला बसावयास कण नाही, त्याचा निसर्गात ढग होत नाही. धूळ नसती तर धुकेही नसते आणि आपला पाऊसही नसता.

हवेत तरंगणाऱ्या या सूक्ष्म घन व द्रव कणांना शास्त्रात एरोसॉल म्हणतात. त्यांच्या संशोधनाचा इतिहास मुंबईकराने पाहावयाचा तो आरे कॉलनीच्या टेकडीवर उभे राहून. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला व आग्नेयेला शहर आणि कारखाने, पाठीशी बोरिवलीचे जंगल, आणि पायांखाली म्हशींचे गोठे. या चार गोष्टी एकत्र येतात तेथे हवेत काय घडते, हाच आपला विषय आहे.

आरे वसाहतीचा जन्म एका साध्या समजुतीतून झाला. मुंबईच्या दाट वस्तीतील तबेले रोगराई आणि दुर्गंधीचे आगर बनले होते. तेव्हा दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या योजनेनुसार १९४९ साली गोरेगावच्या पूर्वेस सुमारे १,३०० हेक्टरांवर ही वसाहत उभी राहू लागली आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तेथील दुग्धालयाचे उद्घाटन झाले. वारल्यांचे पाडे तेथे आधीपासून होतेच. शहरातील घाण शहराबाहेर नेली की शहर स्वच्छ झाले, ही ती समजूत. त्या काळी ती योग्यच होती; मुंबईला निर्भेळ दूध मिळाले, हे उपकार लहान नव्हेत.

शहरात नको ते बाहेर न्यावयाचे, हा मुंबईचा शिरस्ता जुना आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची. विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय वेध बिघडणार, हे दिसताच चुंबकीय निरीक्षणे अलिबागेस हलविली गेली. तेथे ती १९०४ पासून सुरू झाली. म्हशींना टेकडी मिळाली आणि चुंबकसूचीला अलिबाग. हवा मात्र कोठेही हलविता येत नाही, आणि तिच्यात काय शिजते ते नगरपालिकेची हद्द पाहून शिजत नाही.

‘शिजते’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. सूक्ष्मकण म्हणजे कोणी तरी उडविलेली धूळ किंवा सोडलेला धूर, अशी आपली समजूत असते. रस्त्याची माती, चुलीची काजळी, समुद्राच्या फेसातून उडणारे मीठ, हे कण खरोखरच तयार होऊन हवेत येतात. पण एटकेनलाच पुढे असे आढळले होते, की काही वायूंवर ऊन पडले असता, जेथे धूळ नव्हती तेथे नवे कण उत्पन्न होतात. म्हणजे धूळ हवेत केवळ येत नाही, ती हवेत जन्मासही येते. ही गोष्ट पूर्णपणे उलगडावयास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

त्या उलगड्यातील एक प्रकरण मुंबईच्याच उपनगरात लिहिले गेले, हे आपण विसरतो. १९५४ साली ट्रॉम्बे येथे अणुशक्ती संशोधनाचे केंद्र स्थापन झाले. अणुचाचण्यांची राख जगभर वाऱ्यावर पसरत होती तो काळ. हवेतील किरणोत्सारी कण मोजता मोजता तेथील शास्त्रज्ञांना कणांच्या जन्माचाच प्रश्न पडला. के. जी. व्होरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० व १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविले, की जमिनीतून झिरपणाऱ्या रेडॉन वायूच्या किरणांनी गंधकाच्या धुराचे सूक्ष्मकणांत रूपांतर होण्यास मदत होते. ज्या ट्रॉम्बे-माहुलच्या परिसरात १९५४-५५ पासून तेलशुद्धीकरणाची धुरांडी उभी होती, त्याच्याच शेजारी गंधकाच्या धुराचा हा अभ्यास व्हावा, यात एक औचित्य आहे.

पुढचा धागा जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जुळला. तेथील ‘क्लाउड’ या प्रयोगाने २०११ साली दाखविले, की गंधकाम्लाच्या वाफेत अमोनियाचा अत्यल्प अंश मिसळला तरी कण जन्मण्याचा वेग शंभर ते हजार पटींनी वाढू शकतो. २०१६ साली त्याच प्रयोगातून दिसले, की झाडांच्या सुगंधी वाफांपासूनही, गंधकाम्लावाचून, कण जन्मू शकतात. उन्हाळ्यात रानावर जी निळसर झाक दिसते ती वनस्पतींच्या वाफांची, असे फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० सालीच सुचविले होते.

आता पुन्हा आरेच्या टेकडीवर येऊ. शहरातील मोटारी आणि धुरांडी यांच्यापासून गंधकाचे व नत्राचे वायू मिळतात. जनावरांच्या मूत्रातून अमोनिया उठतो. गोठ्यात पाऊल टाकताच नाकाला झोंबतो तोच. झाडे आपल्या वाफा सोडतात. ऊन या साऱ्याला चूल पुरविते. यांपैकी एकही वस्तू धूळ नव्हे. सारेच अदृश्य वायू. पण ते एकत्र आले, की आधी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढे पुंजके बनतात. त्यांतील बहुतेक मोडतात किंवा मोठ्या कणांना चिकटून नाहीसे होतात. उरलेले वाफा गिळत, एकमेकांत मिसळत वाढतात. पुरेसे वाढले की बाष्प त्यांच्यावर बसते आणि सकाळी आपल्याला समोरचा डोंगर दिसेनासा होतो. पाऊस पडून धुऊन जाईपर्यंत असा कण साधारण आठवडाभर हवेत राहतो, आणि आठवड्यात वारा त्याला शेकडो कोस नेतो.

तो कोठवर जातो याचा पडताळा १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये मिळाला. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झेन यांच्या नेतृत्वाखाली अनेक राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनी जहाजे, विमाने व मालदीवमधील ठाणी यांच्या साहाय्याने हिंदी महासागरावरील हवा तपासली. दक्षिण आशियाकडून आलेले धुरक्याचे आवरण समुद्रावर सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत पसरले होते, आणि त्यातील सुमारे ऐंशी टक्के भार माणसाच्या उद्योगांतून आलेला होता. आपण किनाऱ्याबाहेर लोटले ते समुद्राने पोटात घातले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

महाराष्ट्राने हा विषय केवळ प्रदूषणापोटी अभ्यासला असे नाही. आरंभी ओढ होती ती पावसाची. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात बारामतीच्या अवर्षणग्रस्त टापूत अकरा पावसाळे ढगांत मिठाचे कण सोडून पाहिले. २०१२ पासून त्याच संस्थेची प्रयोगशाळा महाबळेश्वरला, खुद्द ढगांच्या उंचीवर, कणांचे थेंब कसे होतात ते पाहत आहे.

मग या इतिहासाचे आज प्रयोजन काय? ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यास आरंभ झाला. त्या वादात आरेला ‘मुंबईची फुफ्फुसे’ म्हटले गेले. उपमा मनाला भिडणारी आहे, पण नीट पाहिली तर ती उलट बाजूने खरी आहे. फुफ्फुसे हवा शुद्ध करीत नाहीत. अशुद्ध हवा सोसतात. पानांवर काही कण बसतात, ओली झाकलेली जमीन धूळ उडू देत नाही, हा रानाचा उपकार निश्चित. परंतु एवढे रान राखले म्हणजे शहराने धूर सोडण्यास मुखत्यार व्हावे, असे मात्र मुळीच नाही. उलट, गंधकाचा आणि नत्राचा धूर जाऊन मिळाला, की रानाच्या निर्दोष वाफासुद्धा धुरक्याच्या कामी जुंपल्या जातात. कारशेडच्या बाजूने बोलणारे म्हणत, की मेट्रोमुळे मोटारी कमी होतील. ते खरे ठरावयाचे तर २०२४ साली आरेहून सुटू लागलेल्या गाड्यांबरोबर रस्त्यावरच्या मोटारीही कमी होताना दिसल्या पाहिजेत.

२०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर बांधकामांभोवती पत्रे लागले, रस्त्यांवर पाणी मारले जाऊ लागले. हे उपाय आवश्यकच आहेत. परंतु ते उडविलेल्या धुळीवरचे उपाय होत. जी धूळ पत्र्याच्या कितीतरी वर, उन्हात, वायूंपासून जन्मते, तिच्यावर पाण्याचा फवारा चालत नाही. तिचा जन्म टाळावयाचा तर तिचे आईबाप असलेले वायूच कमी करावे लागतात: इंधनातील गंधक, मोटारीचा धूर, जाळलेला कचरा, आणि उघडे पडलेले शेण-मूतसुद्धा.

कूलिएच्या चंबूला बूच होते. आपल्या चंबूला ते नाही. त्यात माहुलचे धुरांडे आणि आरेचा गोठा, वरळीचा बंगला आणि वारल्याचा पाडा सारखेच कोंडलेले आहेत. श्वास मात्र सारख्या बळाने सोसण्याची ऐपत सर्वांना नाही. शहराबाहेर अशी जागा आता उरलेली नाही, हे ओळखणे हाच या दीडशे वर्षांच्या संशोधनाचा आपल्यापुरता इत्यर्थ होय.