‘बरी आहे’ म्हणण्याआधी
“कशी आहेस?” विचारलं की आपण “बरी आहे” म्हणून मोकळ्या होतो. अंगदुखी सांगतो, मनाचं राहून जातं. हे दवाखान्यात कळावं म्हणून इंग्लंडमध्ये डेव्हिड गोल्डबर्ग यांनी १९७२ साली ६० प्रश्नांची प्रश्नावली मांडली. ती त्रास हुडकायची. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पाचच वाक्यं आली, सगळी बरं वाटण्याची: गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होतं? शांत होतं? अंगात उत्साह होता? उठल्यावर ताजंतवानं वाटलं? रोजच्या दिवसात मन रमलं? प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणायचं. ५० किंवा कमी आले म्हणजे आजार ठरला असं नाही. पण डॉक्टरांशी बोलावं. उत्तर मात्र जिचं तिनंच द्यायचं. आपल्या मनाचं दुसऱ्या कुणाला कसं कळणार?