लदेणीचा तांडा

लदेणीचा तांडा : पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे कळप हाकत, बायकामुलांसह वर्षाचा बराच काळ वाटेवर राहून धान्य, मीठ, कापूस यांची ने-आण व विक्री करणारी लमाण (बंजारा, गोरमाटी) समाजाची फिरती वसाहत. चौदाव्या-पंधराव्या शतकांपासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उत्तर हिंदुस्थान व दख्खन यांना जोडणाऱ्या मालवाहतुकीचा मोठा भार या तांड्यांवर होता. लढाया, लागोपाठचे दुष्काळ व साथी यांत गावेच्या गावे उठून गेली, त्या काळातही तांडे टिकून राहिले. शौर्य आणि भटकेपणा ही त्याची कारणे नेहमी सांगितली जातात. प्रस्तुत नोंदीत मात्र वाहतुकीच्या व्यवस्थेला अधिक महत्त्व दिले आहे.

प्रदेश : आजच्या हिंगोली जिल्ह्यात (१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा, तालुके हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत) डोंगराळ, माळरानाच्या भागात लमाणांचे तांडे विखुरलेले आहेत. पैनगंगेपलीकडे पुसद, उमरखेड आणि वाशीमकडचा मानोरा हा बंजारा वस्तीचा सलग पट्टा लागतो. नदीच्या अलीकडे निजामाचा मुलूख आणि पलीकडे वऱ्हाड अशी सरहद्द पुढे पडली, तरी लदेणीच्या वाटा दोन्हींकडून जात.

रचना : तांड्याचा प्रमुख नायक, त्याच्या हाताखाली कारभारी. मुक्काम कुठे करायचा, माल कोणत्या पेठेत घालायचा, वाटेतल्या जमीनदाराशी काय बोलायचे, हे नायकाने ठरवायचे. भांडणतंट्याचा निवाडा तांड्याच्या पंचायतीत, म्हणजे नसाबात होई. राठोड, चव्हाण, पवार, जाधव ही कुळे हिंगोली भागात सर्वत्र आढळतात.

बैल व गोणी : तांड्याचे भांडवल म्हणजे बैल. लदेणीचा बैल पाठाळ असे, तो गाडीला जुंपला जात नसे. तागाच्या सुतळीची दुतोंडी गोणी बैलाच्या पाठीवर आडवी टाकत. दोन्ही बाजूंना सारखे वजन राहिले, तर ती बांधण्याची फारशी गरज पडत नसे. ही गोणी लमाण स्वतःच विणत. गोणीवाल्या बैलाला चाकोरी लागत नाही; घाटातली पायवाट, नदीचा उतार, काळ्या मातीतला पावसाळी चिखल यांतूनही तो जातो. दख्खनमध्ये पक्के रस्ते होण्याआधी गाडीपेक्षा पाठाळ बैल स्वस्त पडे, त्याचे कारण हेच. शिवाय त्याचा खुराक वाटेवरच उगवलेला असे. मुक्कामाला पोचताच गोण्या उतरवून थप्पी लावायची आणि बैल चरायला सोडायचे, असा नित्यक्रम होता. पिकाखाली नसलेली जमीन त्या काळी भरपूर होती व चराईला आडकाठी करणारे कोणी नव्हते. वैरण विकत घ्यावी लागली असती, तर हा धंदा एक हंगामही चालला नसता.

कळपाच्या पुढे चालणाऱ्या बैलाचे वर्णन रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात (१९१६) आले आहे. त्याला हटाडिया म्हणत आणि तो बालाजीला वाहिलेला असे. त्याच्या पाठीवर कधीच ओझे टाकत नसत. लाल रेशमी पट्ट्या, घंटा, गळ्यात व पायांत पितळी साखळ्या व कडी, कवड्यांच्या माळा, रेशमी गोंडे असा त्याचा साज. थकून तो जिथे बसेल तिथे त्या दिवसाचा मुक्काम पडे. माणूस वा जनावर आजारी पडले तर याच बैलाच्या पायांशी नवस बोलत. ग्रंथकर्त्यांनी ही श्रद्धा म्हणून नोंदवली आहे. वाहतुकीच्या दृष्टीने पाहिल्यास, हजारो जनावरांच्या कळपाचा वेग एका बिनओझ्याच्या, अनुभवी बैलाने ठरवावा, यात मोठे शहाणपण आहे.

पीटर मंडीची नोंद : तांड्याचे सर्वांत तपशीलवार जुने वर्णन पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याच्या प्रवासवृत्तात मिळते. ऑगस्ट १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याला जाताना त्याला धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. प्रत्येक बैलावर चार मोठे मण ओझे होते. पुढे साखर वाहणारा २०,००० बैलांचा तांडाही त्याने पाहिला. तांड्यात बायकामुलांसह सहा-सातशे माणसे असतात, बैल त्यांच्या मालकीचे असतात, माल कधी त्यांचा स्वतःचा तर कधी व्यापाऱ्यांचा असतो आणि दिवसाची मजल सहा-सात मैलांपेक्षा जास्त नसते, असे तो सांगतो. प्रसंग पडल्यास बायकाही पुरुषांच्या बरोबरीने लढतात, हेही त्याने टिपले आहे. बैलांचा आणि माणसांचा आकडा एकाच तांड्याचा मानला, तर माणशी वीस बैल पडतात. लहान मुले वगळली तर याहून जास्त. एवढ्या थोड्या हातांनी रोज एवढी जनावरे लादायची, हाकायची आणि उतरवायची, तर कामाची वाटणी काटेकोर असलीच पाहिजे.

त्याच शतकातला फ्रेंच जवाहीर-व्यापारी ताव्हेर्निये धान्य, तांदूळ, डाळी व मीठ वाहणारे चार वेगळे गट सांगतो. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर तो पूर्ण जाईपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस थांबावे लागे, हे त्याचे निरीक्षण. चार गटांची विभागणी त्याने दाखवली तितकी काटेकोर असावी का, याविषयी अभ्यासक साशंक आहेत. जहांगीराच्या आत्मवृत्तातही हजार-हजार बैल बाळगणाऱ्या बंजाऱ्यांचा उल्लेख आहे.

दुष्काळ : १६३०–३२ चा दुष्काळ गुजरात, खानदेश व दख्खन या भागांत पडला. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाताना मंडीने वाटेवर प्रेते पाहिली, ओस गावे पाहिली. पण बुऱ्हाणपूरच्या बाजारात त्याला सर्व जिन्नस मुबलक दिसले, कारण शाहजहानची छावणी तिथे होती आणि धान्य तिकडे ओढले जात होते. या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात. धान्य देशात होते, ते वाहून नेणारे बैलही होते. मात्र ते जिथे पैसा आणि फौज तिथे गेले. यावरून लमाणांवर नफेखोरीचा ठपका ठेवणारे लेखन झाले आहे. माल व्यापाऱ्याचा किंवा सरकारचा असताना तो कुठे उतरवायचा हे वाहणाऱ्याच्या हाती कितपत होते, हा प्रश्न त्या लेखनात विचारलेला नाही, आणि तो विचारल्याशिवाय ठपका ठेवणे अन्यायाचे आहे.

चाऱ्याची अडचण त्याहून मूलभूत. तांड्याला आधी गवत-पाणी लागे, मग गिऱ्हाईक. पाऊस फसला की धान्याआधी चारा संपे. ज्या पट्ट्याला धान्याची सर्वांत जास्त निकड, त्याच पट्ट्यातून बैल चालवणे अशक्य होई. त्यामुळे दुष्काळी मुलखाच्या कडेपर्यंत तांडे येत, आत शिरत नसत. तांडा स्वतः जगे तो चारा असलेल्या दिशेला सरकून. शेतकऱ्याला ती सोय नव्हती, कारण त्याची जमीन हलत नव्हती.

फौजा व ताम्रपट : मोगल, मराठे, निजाम, इंग्रज या सर्वांच्या फौजांना तांड्यांनी रसद पुरवली. १७९१–९२ मध्ये टिपूविरुद्ध कॉर्नवॉलिसला आणि १८०३ च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीला धान्य पोचले, त्यात लमाणांचा वाटा मोठा होता. दोन्ही पक्षांना तांडा हवा असल्याने त्याला सहसा कोणी हात लावत नसे. टिकून राहण्याचे हे सर्वांत भक्कम कारण म्हणावे लागते.

भंगी व जंगी या राठोड नायकांचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. १६३० च्या सुमारास वजीर आसफखानाच्या दख्खन स्वारीत त्यांचे १,८०,००० आणि भगवानदास वडतिया याचे ५२,००० बैल होते, असे परंपरा सांगते. बैलांसाठी घरांच्या छपरांवरचे गवत घ्यावे, रांजणातले पाणी घ्यावे, दिवसाला तीन खून माफ, अशा सवलती सोन्याच्या अक्षरांत कोरून मिळाल्या, अशी कथा कंबरलेज या पोलीस अधिकाऱ्याने वणी जिल्ह्यावरच्या (आजचा यवतमाळ) टिपणात (१८८२) दिली आहे. पटाच्या अस्सलपणाबद्दल मतभेद आहेत. चारा आणि पाणी या दोनच गोष्टी आधी मागितल्या, एवढे मात्र धंद्याशी तंतोतंत जुळते. कंबरलेजच्या टिपणात चेटकाच्या संशयावरून झालेल्या हत्यांविषयीही बराच मजकूर आहे. तो गुन्ह्यांचा तपास करणाऱ्याच्या नजरेतून आलेला आहे, हे ध्यानात ठेवून वाचावा.

हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत होती. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही शहरातील वस्त्यांची नावे त्या काळाची. १८३० च्या दशकात ठगांविरुद्धच्या मोहिमेचे हे एक केंद्र होते. वाटेवर राहणाऱ्या प्रत्येक समाजाकडे संशयाने पाहण्याची सरकारी सवय याच काळात पक्की झाली आणि पुढे लमाणांना ती भोवली.

माल : कोकणातल्या मिठागरांचे मीठ घाटावर आणि परतीला धान्य, तेलबिया. वऱ्हाडचा कापूस पाठाळ बैलांवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे.

ऱ्हास : १८६७ मध्ये मुंबईहून लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोचला. १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड मार्ग आणि १९१२ मध्ये पूर्णा–हिंगोली फाटा सुरू झाला. आगगाडीला चारा लागत नाही आणि ती पावसाळ्यातही थांबत नाही. मिठावरचा कर आणि राखीव जंगलांतील चराईबंदी यांनी उरलेला आधार काढून घेतला. धंदा जातो आहे तोच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्या कायद्याखालील नोंदणी प्रांताप्रांतांत व संस्थानांत वेगवेगळी झाली, पण जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा कलंक समाजाला सर्वत्र सोसावा लागला. शेकडो वर्षे राज्याची रसद वाहिलेल्या लोकांना राज्यानेच दिलेली ही वागणूक होती. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला.

धर्म : संत सेवालाल महाराज (समाजमान्य जन्म १५ फेब्रुवारी १७३९) यांची समाधी पोहरादेवी (जि. वाशीम) येथे आहे, ते स्वतः गोधन बाळगणारे व लदेणी करणारे होते.

वेश व कशिदा : पाहा ‘बंजारा भरतकाम’.

साहित्य : आत्माराम कनिराम राठोड यांचे ‘तांडा’ हे आत्मकथन.

सद्यःस्थिती : तांडा हा शब्द आता स्थिर वस्तीसाठी वापरतात. बहुतेक तांडे मूळ गावापासून दूर, हलक्या जमिनीवर वसले, कारण लदेणी सुटली तेव्हा काळी कसदार जमीन आधीच इतरांच्या नावावर होती. मूळ पुसद भागातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या सरकारने कामाची मागणी करणाऱ्याला काम देण्याचे धोरण मोठ्या प्रमाणावर राबवले आणि पुढे १९७७ मध्ये त्याचा रोजगार हमी कायदा झाला. लमाण कुळातल्या मुख्यमंत्र्याच्या हातून दुष्काळग्रस्ताला गावाजवळच मजुरी मिळण्याची सोय झाली, ही या इतिहासातली मोठी घटना आहे.

तरीही कोरडवाहू तांड्यांतली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. आता माल दुसऱ्याच्या मालकीचा असतो, आणि मुलांच्या शाळेचे वर्ष बुडते.

एकाच कुळातील माणसे तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) ठरली आहेत. तेलंगण भागात हा दर्जा १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने मिळाला. मराठवाडा १९५६ पर्यंत तेलंगणासह हैदराबाद राज्यात होता, या आधारावर अनुसूचित जमातीचा दर्जा मागण्यासाठी २०२५ मध्ये मराठवाड्यात बंजारा समाजाचे मोर्चे निघाले. मागणीला आदिवासी संघटनांचा विरोध असून महाराष्ट्रातील प्रवर्गात बदल झालेला नाही.