दांत्याशीं दांता

रेडिओच्या लहरींनीं दुरून हाकावयाची, खडकांवरून चढणारी लहानशी गाडी ही आज प्रौढांच्याहि करमणुकीची वस्तु झाली आहे. तिला रॉक क्रॉलर असें म्हणतात. वेग हा तिचा गुण नव्हे. माणसाच्या पावलाहूनहि संथपणें, एकेक दगड चाचपीत ती पुढें सरकते. त्यासाठीं विजेच्या मोटरचे जलद फेरे दंतचक्रांच्या जोड्यांतून कमी करीत करीत चाकांपर्यंत न्यावे लागतात, आणि चाक फटींत अडकलें म्हणजे सारा ताण त्या इवल्याशा दांत्यांवर येऊन पडतो. म्हणून जुन्या बाजारांतून घेतलेली गाडी वरून कितीहि ठाकठीक दिसो, तिच्या पोटांतील दांते पुष्कळदां झिजलेले निघतात. नवें चक्र आणावें, तर तें बसेल कशावरून? ही विवंचना दिसते तितकी पोरकट नाहीं. एका यंत्राचा भाग दुसऱ्यास चालावा, ही गोष्टच मुळीं अंमलांत फार उशिरां आली.

अठराव्या शतकांत बंदुकीचा चाप, म्हणजे ठिणगी पाडणारी सारी रचना, कारागीर कानशीनें घासून घासून जुळवीत असे. त्यांतला एक तुकडा मोडला, कीं त्याच बंदुकीच्या मापानें नवा घडवावा लागे. शेजारच्या शिपायाच्या बंदुकीचा तुकडा तेथें निरुपयोगी. फ्रान्समध्यें ऑनोरे ब्लां यानें ही रीत मोडली. इ. स. १७८५ मध्यें अमेरिकेचा वकील टॉमस जेफर्सन पॅरिस येथें होता. त्यानें ब्लांच्याकडे जाऊन पन्नास चापांचे सुटे भाग पाहिले, हाताला लागतील ते उचलून स्वतः कित्येक चाप जुळविले, आणि ते बिनतक्रार बसले. ही हकीकत त्यानें ३० ऑगस्ट रोजीं जॉन जे याला पत्रानें कळविली. फ्रान्समध्यें ती पद्धत रुजली नाहीं. ती वाढली अमेरिकेंतील सरकारी शस्त्रशाळांत. जेफर्सनची दृष्टि येथें ब्लांच्या देशबांधवांहून खचित दूरवर गेली.

परंतु एका कारखान्यांतले भाग एकमेकांस जुळणें निराळें, आणि दोन देशांतले जुळणें निराळें. इंग्रज कारागिरांनीं दंतचक्राच्या व्यासाच्या दर इंचामागें दांते किती, हें माप धरलें. त्याला ‘मँचेस्टर पिच’ असेंहि नांव होतें. मेट्रिक मापांच्या देशांनीं उलट केलें. त्यांनीं व्यासाच्या मिलिमीटरांना दांत्यांच्या संख्येनें भागलें, आणि त्या भागाकाराला मॉड्यूल म्हटलें.

खेळगाड्यांना हें भांडण वारशानें मिळालें. जपानच्या तामिया कंपनीनें १९७६ सालीं पोर्श ९३४ ही आपली पहिली रेडिओवर चालणारी गाडी काढली. जपानी कारखाने मिलिमीटरांत मोजीत, अमेरिकन कारखाने इंचांत. तामियाच्याच १९८७ च्या क्लॉड बस्टर या गाडींत दोन्ही आंसांवर स्वतंत्र मोटर होती. हौशी लोकांनीं ते आंस काढून निराळ्या सांगाड्यांवर चढविले, आणि तयार क्रॉलर दुकानांत येण्यापूर्वीं घरच्या घरीं क्रॉलर बनविले. पुढें कॅलिफोर्नियाच्या ॲक्सिअल कंपनीनें तयार गाड्या विकल्या. तिच्याच निरनिराळ्या गाड्यांत ३२ पिचचीं आणि ४८ पिचचीं अशीं दोन्ही प्रकारचीं चक्रें आढळतात. मधल्या मालकानें काय बदललें असेल, तें आणखी निराळेंच.

अशा वेळीं गाडीवरील नांवापेक्षां व्हर्निअर कॅलिपर अधिक खरें बोलतो. दांते मोजावे, चक्राचा बाहेरचा व्यास मिलिमीटरांत घ्यावा, आणि दांत्यांच्या संख्येंत दोन मिळवून येणाऱ्या आंकड्यानें त्यास भागावें. २० दांत्यांच्या चक्राचा व्यास साडेसतराच्या आसपास भरला, तर भागाकार ०.८ च्या जवळ येतो; तें चक्र ३२ पिचचें असेल किंवा ०.८ मॉड्यूलचें. निव्वळ योगायोगानें इंचाचें हें माप मिलिमीटरांत ०.७९४ येतें, म्हणून हे दोन परके एकमेकांशीं बहुधा निभावून नेतात. ४८ पिचचें माप मात्र ०.५२९ येतें. त्याला ०.५ मॉड्यूलचा शेजार दिला, तर गाडी कुरकुरत चालते आणि थोड्याच दिवसांत दांते सपाट होतात.

स्क्रूच्या आट्यांची कथा याहून कडवट आहे. जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं इंग्लंडांत आट्यांसाठीं ५५ अंशांचा कोन सुचविला. अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें १८६४ सालीं ६० अंशांचा पुरस्कार केला. दुसऱ्या महायुद्धांत या मित्रराष्ट्रांना एकमेकांचे बोल्ट चालेनात, तेव्हां कोठें निकड पटली, आणि १९४८ च्या नोव्हेंबरांत ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं एकच आटा मान्य केला. तोहि इंचाचाच! जुन्या अमेरिकन खेळगाडीचा ४-४० जातीचा स्क्रू आणि जपानी एम-३ स्क्रू यांच्या जाडींत सुमारें ०.१५ मिलिमीटरचाच फरक. परंतु आटे निराळे. पहिला दुसऱ्याच्या भोंकांत एकदोन फेरे सुखानें जातो आणि मग भोंकच नासवितो.

बेअरिंगांपुरती तरी ही रड नाहीं. ५×११×४ मिलिमीटर एवढें सांगितलें, कीं कोणत्याहि कारखान्याचें त्या मापाचें बेअरिंग तेथें बसतें. खरी अडचण आंसाच्या पेटींतील तिरप्या दांत्यांच्या जोडीची. मोठें व लहान अशीं तीं दोन चक्रें एकमेकांसाठींच कापलेलीं असतात. तीं जोडीनेंच बदलावीं लागतात, आणि दुसऱ्या नमुन्याच्या पेटींत बहुधा बसत नाहींत. नमुना बंद पडला, कीं दुकानदार कानांवर हात ठेवतो.

तेव्हां जाणते लोक त्याच नमुन्याची दुसरी मोडकी गाडी शोधतात. १९०८ सालीं इंग्लंडांत ब्रुकलँड्सच्या शर्यतपथावर कॅडिलॅकच्या तीन मोटारी खोलून त्यांचे भाग एकत्र मिसळले, त्यांतले ८९ काढून कोठारांतले नवे घातले, आणि पुन्हां जुळविलेल्या तिन्ही मोटारी ५०० मैल धांवल्या. जुन्या क्रॉलरच्या मालकापाशीं असें कोठार नसतें. त्याला दोन मोडक्यांतून एक धड करावयाची असते, आणि पैसे मोजण्यापूर्वीं विचारावयाचें तें एवढेंच, कीं पहिलीच्या ज्या दांत्यांनीं दगा दिला, ते दुसरीचे शाबूत आहेत ना.