शेंगदाण्याच्या तेलावर चाललेलं इंजिन



विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू झालं की पहिला काळा भपकारा जवळ उभ्या असलेल्या बाईच्या तोंडावर येतो. आज त्या धुराची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सुरू होते शेंगदाण्याच्या तेलापासून.

१९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं. आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींत भुईमूग अमाप पिकतो, त्याचं इंधन होतं का, हे फ्रेंच सरकारला बघायचं होतं. इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल याने पुढे लिहून ठेवलं आहे की, ते इतकं सुरळीत चाललं की तेल वेगळं आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. पण खनिज तेल स्वस्त पडलं, आणि शेंगदाण्याचं तेल राहिलं आपल्या फोडणीत.

दुसरी अडचण दाटपणाची. खाद्यतेल तसंच इंजिनात ओतलं तर नोझल तुंबतं, आत काजळी साठते. १९३७ साली ब्रुसेल्सच्या शावान या संशोधकाने पाम तेलात अल्कोहोल मिसळून ते पातळ करण्याचं पेटंट घेतलं. आज बहुतेक ठिकाणी मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा वापरतात. ग्लिसरीन खाली बसतं, वर राहतं ते बायोडिझेल. हे घरी करून बघू नका हं! मिथेनॉल विषारी असतं आणि भडकन पेटतं.

आता धुराकडे येऊ. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली ट्रक-बसच्या इंजिनांवरच्या अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केले. डिझेलमध्ये २० टक्के सोयाबीनचं बायोडिझेल मिसळलं, तर धुरातले बारीक कण सुमारे १० टक्के घटतात, विषारी कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के, आणि न जळता बाहेर पडणारं इंधन २१ टक्के. बायोडिझेलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, म्हणून ते जास्त पुरतं जळतं. फुंकणीने हवा घातली की चुलीचा धूर कमी होतो ना, तसंच काहीसं. पण छातीला त्रास देणारे नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र २ टक्के वाढले. गुण सांगताना हा आकडाही सांगायला हवा. तरी कणांची घट मला मोठी वाटते, कारण २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो असं जाहीर केलं.

आपल्या देशात २००३ पासून मोगली एरंडाचा गाजावाजा झाला. पडीक जमिनीत, पाण्याविना भरपूर बी येईल असं सांगितलं गेलं. तसं बी आलं नाही. २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं सरकारी उद्दिष्ट कागदावरच राहिलं.

त्याच २००३ साली आपल्या यवतमाळ-चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात वेगळंच घडलं. पॉवरगुडा गावातल्या गोंड बायांच्या बचत गटांनी करंजाचं बी गोळा केलं, झाडं लावली, तेलघाणा चालवला. करंजाच्या तेलामुळे डिझेल कमी जळेल आणि १४७ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचेल, असा हिशेब झाला. त्यापोटी जागतिक बँकेने या बायांना ६४५ डॉलर मोजले.